लहानग्याला घेऊन समुद्रावर: नेरूळहून नागाव-आक्षी, तिथी बघून

पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगा सव्वा वर्षाचा होता, मे महिना होता आणि आम्ही हौसेने थेट दिवेआगर गाठलं होतं. नेरूळहून सकाळी सहाला निघून माणगाव, म्हसळा करत पोचायला बारा वाजले. म्हसळ्याच्या वळणांवर दोनदा उलटी. जेवणं, झोपा उरकून साडेचारला किनाऱ्यावर उतरलो तर ऐन भरती, पाणी वरपर्यंत आलेलं आणि उरलेली वाळू तव्यासारखी तापलेली. पहिली लाट फुटली त्या आवाजाने त्याने माझ्या गळ्याला जी मिठी मारली, ती रात्री झोपेपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या दिवशी अंगभर घामोळं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी.

दिवेआगरचं यात काही चुकलं नव्हतं. आम्ही दोघांनीच लग्नाआधी केलेली सहल तशीच्या तशी पुन्हा करायला घेतली होती, सोबत फक्त एक मूल वाढवलं होतं. त्यानंतर चार वेळा गेलो, आता तो तीन वर्षांचा आहे, आणि दर वेळी एकेक गोष्ट सुधारत गेलो. एक ते तीन वर्षांच्या मुलाबरोबर समुद्राची सहल दोन घड्याळांवर चालते: एक समुद्राचं, एक त्याच्या झोपेचं. ती जुळली की बाकी सगळं तडजोडीने निभावतं.

कधी जायचं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरमध्ये उकाडा, मार्चपासून ऊन, जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. पावसाळ्यात कोळीसुद्धा नावा किनाऱ्याला ओढून ठेवतात (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते), तिथे आपण मूल घेऊन पाण्याजवळ जाण्यात अर्थ नाही. शिवाय पावसाळ्यात आणि तो सरताना निळ्या फुग्यासारखे दिसणारे विषारी ब्लूबॉटल जीव किनाऱ्याला लागतात, आणि लहान मूल फुगा दिसला की हात घालणारच.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे उन्हाळ्याची सवय ठेवून ‘साडेपाचला निघू’ म्हणालात तर हातात अर्धा तास राहील.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. मुलाची शाळा अजून सुरू झालेली नाही ही चैन दोन-तीन वर्षांचीच आहे. मंगळवारी अलिबागजवळच्या नागावला जा, किनारा तुमचाच.

कुठे जायचं

पहिल्या खेपेला अडीच-तीन तासांच्या पलीकडे जाऊ नका. नेरूळ, वाशी, बेलापूरकडून अलिबागचा पट्टा यात बसतो. ठाण्याहून निघणाऱ्यांनी आणखी तासभर धरावा, आणि ऐरोली किंवा कळव्याचं ट्रॅफिक लागायच्या आत शहराबाहेर पडावं.

किनारा निवडताना फोटोतली वाळू पाहू नका, उतार पाहा. काशीदची वाळू पांढरी, देखणी, पण तिथे पाण्याची ओढ जबर आहे. गणपतीपुळ्याला किनारा झटकन खोल होतो, आणि तिथे दरवर्षी कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचे खडक मोठ्या माणसांनाही दगा देतात. ही ठिकाणं मूल सहा-सात वर्षांचं झालं की आहेतच. आक्षी, नागाव या भागात किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे सुरूची, नारळाची सावली आहे. मला स्वतःला आक्षी जास्त आवडतं, कारण गजबज कमी. नागावच्या मुख्य वाटेवर घोडागाड्या, चारचाकी बाइक्स, बनाना बोटी यांची वर्दळ असते, आणि दोन वर्षांच्या मुलासाठी समुद्रापेक्षा त्या वाळूवरच्या बाइकचा धोका मोठा. तिथे गेलातच तर मुख्य वाटेपासून दहा मिनिटं बाजूला चालत जा.

(आक्षीला शके ९३४चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. नवऱ्याला तो बघायचाच होता. मुलाने त्या वेळात शेजारचे खडे मोजले. दोघेही खूश.)

भरती-ओहोटीचं गणित

हा भाग नीट वाचा, बाकीचे चाळलेत तरी चालेल.

दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि सगळं वेळापत्रक रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकतं. मोबाइलवर वेळा मिळतात, पण सहलीच्या तारखा ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका जास्त उपयोगी. आपल्याकडच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या पुढेमागे भरती, म्हणून सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता हे मुलाच्या दिवसावर बसवू. लहान मुलाला समुद्रावर न्यायच्या वेळा दोनच, सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारपासून सूर्यास्तापर्यंत. या वेळात पाणी उतरलेलं हवं, कारण ओहोटीनंतर मागे राहिलेली ओली, कडक वाळू आणि तिच्यावरची वीतभर रुंदीची डबकी हाच त्या वयाचा खरा समुद्र आहे. लाटा त्यांच्या कामाच्या नसतात.

द्वितीया ते पंचमी: ओहोटी सकाळी सव्वासात ते साडेनऊच्या दरम्यान. सकाळ उत्तम. तीन दिवसांची सहल असेल तर द्वितीयेला पोचा. वद्य पक्षात यात संकष्टी येते, सोबत सासूबाई असतील तर उपासाचं आणि चंद्रोदयाचं आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं आणि रात्री नऊपर्यंत सगळं घर अंगणात चंद्राची वाट बघत होतं, चिरंजीवांसकट.

पौर्णिमा आणि अमावस्या: भरती दुपारी साडेअकरा-बाराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. संध्याकाळ उत्तम. मात्र या दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. खाली गेलेलं पाणी पाहून मुलाला घेऊन दूरवर चालत जाऊ नका. सपाट किनाऱ्यावर वळलेलं पाणी वाटतं त्यापेक्षा लवकर येतं, आणि कडेवर बारा किलो असताना आपण पळू शकत नाही.

अष्टमी: भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. कागदावर वाईट, पण अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची चढउतारच कमी. वाईटातलं वाईट होत नाही, पण मुद्दाम ही तिथी निवडूही नका.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं म्हणून अनेकांना मोह होतो. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, बघण्यासारखा आहेच. पण आत दोन तास सहज जातात आणि पाणी थांबत नाही. लहान मुलाबरोबर तो किनाऱ्यावरूनच दाखवा.

राहायची जागा

या पट्ट्यात वाडीतल्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतल्या, घरगुती राहण्याच्या सोयी भरपूर आहेत, आणि लहान मुलासाठी मी हॉटेलपेक्षा त्याच निवडते. कारण स्वयंपाकघर. ‘ताई, जरा बिनतिखटाचं वरण बाजूला काढाल का’ हे वाडीतल्या काकूंना सांगता येतं. छापील मेन्यूला सांगता येत नाही.

पण फोनवर काही गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. वाडीत विहीर किंवा हौद आहे का, आणि त्याला कठडा, जाळी आहे का? बागेला पाणी लागतंच, त्यामुळे विहीर असणारच. प्रश्न झाकणाचा आहे. पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुलूपबंद फाटक आहे का? खोली तळमजल्यावर आहे का, खिडकीला मच्छरदाणीची जाळी आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का? एका ठिकाणी ‘बीच समोरच आहे’ असं सांगितलं होतं. होता समोर, पण मध्ये पंधरा मिनिटांची बैलगाडीची वाट होती आणि परतताना झोपलेलं मूल.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं सामान उघडायचं नाही, खोली गुडघ्यावर बसून बघायची. खालचे प्लगपॉइंट, भरून ठेवलेली बादली, कॉटखालची डासांची कॉइल. बादली आधी ओता. एवढंसं मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज होत नाही. गाद्या जमिनीवर घालून घ्या. रात्री चपला-बूट उलटे करून झटका. कोकणातला तांबडा विंचू लहान मुलांना फार घातक. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून विंचूदंशाचे मृत्यू खूप कमी झाले, पण तो उपचार वेळेत मिळावा लागतो. डंख झाला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

आणि नारळाखाली चटई घालू नका. वाडीतला कुठलाही माणूस घालत नाही.

रस्ता

नेरूळहून पामबीच, बेलापूर, पनवेल, मग पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग, पेण, आणि वडखळला उजवीकडे अलिबाग रस्ता. पहाटे साडेपाचला मूल झोपेतच उचलून गाडीत घातलं की पेणपर्यंत ते उठत नाही. उठल्यावर खाणं, लंगोट बदलणं आणि वीस मिनिटं पळापळ. थांब्याशिवाय पुढे रेटलंत तर शेवटचा तास रडण्यात जातो.

गाडीत मूल मांडीवर नको, मागच्या सीटवर त्याच्या वेगळ्या खुर्चीत पट्टा लावून. कायद्याने दंड हजार रुपयांचा आहे, पण वडखळच्या रस्त्यावर ज्या तऱ्हेने वाहनं घुसतात ते बघितलं की दंडाची भीती घालायची गरज उरत नाही.

गाडी लागणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वी दूध नको, कोरडं काहीतरी हलकं द्या. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा कधीही नाही. प्रवासात सर्रास घेतलं जाणारं प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखाली देतच नाहीत.

मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणारी रो-रो बोट गाडीसकट तासाभरात सोडते. मुलांना बोट भयंकर आवडते. नवी मुंबईकरांना मात्र आधी उलटं मुंबईत शिरावं लागतं, म्हणून मी ती सणासुदीच्या कोंडीसाठी राखून ठेवते. एसटीने जाणार असाल तर पाच वर्षांखाली तिकीट नाही, पण सीटही नाही, हे लक्षात ठेवा.

पिशवीत काय

कपडे अंगभर, पूर्ण बाह्यांचे, लवकर सुकणारे, आणि रंग भडक केशरी किंवा गुलाबी. निळा, पांढरा, राखाडी कपडा पाण्यात दिसेनासा होतो. हनुवटीखाली बांधता येणारी टोपी. सनस्क्रीन सहा महिन्यांवरच्या मुलांना लावता येतं. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा अधिक, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. आदल्या दिवशी मनगटाला थोडं लावून अंगाला चालतं का बघा.

साधा डायपर समुद्रात नको. तो पाणी पिऊन दोन किलोचा होतो आणि मूल चालूच शकत नाही. पाण्यासाठीचा वेगळा डायपर मिळतो, नाहीतर सरळ सुती चड्डी. जांघेत, काखेत आधी खोबरेल तेल चोळलं की खारं पाणी आणि वाळूने सोलवटत नाही.

खेळणी विकत घेऊ नका. एक जुनं प्लास्टिकचं घमेलं, एक वाटी, एक चाळणी. घमेल्यात बोटभर पाणी घालून सावलीत ठेवलं की पाऊण तास निश्चिंती. म्हणजे नजर तिथेच, हात मोकळे एवढीच.

औषधांत तापाचं औषध (डोस वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेतलेला), थर्मामीटर, ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी फीडिंग बाटलीत कालवली तर फायद्याऐवजी अपाय होतो. जुलाब झाले तर दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, चमच्याचमच्याने. खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

पाण्याजवळ

मुलाला लाटेत नेऊन ‘भीती मोडायची’ पद्धत आपल्याकडे फार आहे, विशेषतः मामा-काका मंडळींत. करू देऊ नका. पहिल्या संध्याकाळी फक्त कोरडी वाळू. दुसऱ्या सकाळी ओली वाळू आणि डबकं. मग कडेवर घेऊन आपण घोटाभर पाण्यात उभं राहायचं, त्याच्या पायांना फेस लागू द्यायचा. खाली उतरायचं त्याने मागितल्यावर. आमच्या बाळाने दुसऱ्या सहलीत, तिसऱ्या दिवशी मागितलं.

पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त मूल, आणि ते हाताच्या अंतरात. फोन दुसऱ्याकडे. चार जण असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, म्हणून आम्ही मोठ्याने बोलून पाळी सोपवतो: ‘आता तू.’ हवेची चाकं, बाहूंवरचे फुगे ही खेळणी आहेत, सुरक्षा नाही. वाऱ्याने ती आतच जातात. मुलाच्या दंडावर पेनाने फोन नंबर लिहून ठेवा.

डोळ्यात वाळू गेली तर चोळू न देता पिण्याचं पाणी धरा. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे हाताने न धरता चिमट्याने काढा, सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका आणि डॉक्टर गाठा. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

परतल्यावर लगेच गोड्या पाण्याची आंघोळ. अंगाची वाळू ओली असताना पुसू नका, सुकली की सुती फडक्याने झटकून पडते.

खाणं आणि दुपार

सकाळचं समुद्रावरचं आटोपून दहाला आंघोळ, साडेअकराला जेवण, मग झोप. घरची झोपेची वेळ जी असेल तीच. दुपारी कुठलंही देऊळ, किल्ला, बाजार नाही. मोठ्यांना जायचं असेल तर पाळी लावून जा.

वरण-भात-तूप, दही-भात, भाकरीचा कुस्करा कुठेही मिळतं. नाचणीसत्त्व, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू घरून. मासे घालायचे तर सुरमई किंवा पापलेटचा मधला तुकडा, मसाला धुऊन, बोटांनी चाचपून. बांगडा आणि मांदेलीचे काटे या वयाला नकोत. सोलकढीत मिरची असते, आधी चाखा. शहाळ्याचं पाणी द्या, मलई कडक असेल तर नको. शेंगदाणे, बोरं, बर्फाचा गोळा अजिबात नाही. पहिली दोन घशात अडकतात, तिसऱ्यातलं पाणी कुठलं ते गोळेवालाच जाणे.

परत निघताना

रविवारी संध्याकाळी वडखळ-पेण रस्ता म्हणजे शिक्षा. दुपारी जेवण झाल्याबरोबर, झोपेच्या तोंडावर निघा. घरी आल्यावर दोन-तीन दिवस ताप, जुलाब, कान ओढणं याकडे लक्ष ठेवा.

निघण्यापूर्वी मुलाचे खिसे मात्र नक्की तपासा. शंख-शिंपले आणायचे तर रिकामे आहेत ना ते बघून, धुऊन, उन्हात वाळवून. आमच्या पहिल्या खजिन्यातला एक शंख पनवेलच्या टोलपाशी डॅशबोर्डवरून चालायला लागला. आत खेकडा होता. गाडी वळवून परत सोडायला जाणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याने रात्री साडेआठला तो नेरूळच्या जेट्टीपाशी नेऊन खाडीत सोडला, आणि मुलगा घरी आल्यावर अर्धा तास ‘माझा चालणारा दगड’ म्हणून रडला.